पावसाळ्यात सदाफुली दरवर्षी का मरते: निदान आणि कायमचा उपाय

एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात, आठवड्यातून दोनदाच पाणी मिळूनही फुलांनी झाकलेली सदाफुली जून संपता संपता मान टाकते. काल ताठ असलेली एखादी फांदी सकाळी लोंबताना दिसते. पानं हिरवीच असतात, माती ओली असते, आणि आठ-दहा दिवसांत झाड काळं पडून जातं. मग शेजारचं झाड त्याच वाटेनं जातं. ऑक्टोबरात नवी रोपं आणून त्याच जागी लावली, की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

ही तक्रार मुख्यतः बुटक्या संकरित सदाफुलीची आहे. नर्सरीत ‘विंका’ म्हणून मिळणारी, वीतभर ते दीड वीत उंचीची, मोठ्या फुलांची आणि गडद रंगांची ती हीच. जुनी उंच गुलाबी किंवा पांढरी गावठी सदाफुलीही मरते, पण तिची पोकळी लगेच कळत नाही, कारण तिचं बी आजूबाजूला पडून नवी रोपं सतत उगवत असतात. शिवाय ती बहुतेक वेळा भिंतीच्या फटीत, पायरीच्या कडेला, कोकणात किनाऱ्यावरच्या वाळूत उभी असते. तिथे पाणी क्षणभरही थांबत नाही.

एक गोष्ट सगळ्यात आधी: ओल्या मातीत मान टाकलेल्या सदाफुलीला पाणी घालू नका. पावसाळ्यात मरणाऱ्या बऱ्याच झाडांचा शेवट या एका तांब्यानं लवकर होतो. झाड सुकलंय असं दिसतं, कारण मुळं किंवा खोड पाणी वर पोचवू शकत नाहीत. मातीत पाणी कमी आहे म्हणून नव्हे.

तहान, मूळकूज की शेंडामर?

तिन्हींत पानं लोंबतात. फरक पाहायला पाच मिनिटं लागतात.

तहानेलं झाड दुपारी पानं मध्यशिरेवर वर दुमडून घेतं आणि रात्रीतून सरळ होतं. सकाळी सात वाजता झाड टवटवीत असेल तर रोग नाही. भर उन्हात पानं दुमडणं ही सदाफुलीची नेहमीची सवय आहे, तेवढ्यावरून काही करू नये. मातीत बोटाची दोन पेरं घालून पाहावं. कोरडी लागली तर पाणी, ओली लागली तर थांबायचं.

मूळकूज असेल तर सगळं झाड एकदम ढिलं पडतं. खालची पानं आधी पिवळी होतात आणि नुसत्या धक्क्यानं गळतात. कुंडी आडवी करून मुळांचा गड्डा अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरी ते फिकट पिवळसर असतात आणि ओढल्यावर तुटायला जोर लागतो. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. त्याला दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी सरकून हातात येते आणि आत केसासारखा तंतू उरतो. मातीला आंबूस वास येतो. याच्यामागे बहुधा पिथियम किंवा फायटोफ्थोरा हे मातीतले बुरशीसारखे जीव असतात, आणि दोघांनाही तुंबलेलं पाणीच लागतं.

शेंडामर हा खरा दरवर्षीचा मारेकरी. त्याची खूण म्हणजे झाड एकदम जात नाही, फांदी-फांदीनं जातं. आजारी फांदीचा शेंडा जवळून पाहा. वरची दोन-तीन पानं आणि कोवळं देठ उकडल्यासारखं दिसतं: करडट हिरवं, मऊ, किंचित पारदर्शक. दोन दिवसांत तो भाग तपकिरी आणि मग काळा होतो. काळपटपणा शेंड्याकडून खोडाकडे उतरत जातो, किंवा खोडाच्या मधल्याच एखाद्या पेरावर सुरू होऊन तिथून वरचा सगळा भाग मारतो. काळा भाग आणि हिरवा भाग यांच्यातली सीमा बऱ्यापैकी ठळक असते. अशा झाडाची मुळं काढून पाहिली तर सुरुवातीला ती पांढरीशुभ्रच निघतात, आणि इथेच लोक गोंधळतात. मूळ चांगलं, माती चांगली, मग झाड का गेलं?

कारण हा रोग पावसाच्या थेंबाबरोबर वर चढतो. कारणीभूत जीव फायटोफ्थोरा निकोटियानी. तो दिसतो आणि वागतो बुरशीसारखा, पण खऱ्या बुरशींच्या कुळातला नाही. त्याचे बीजाणू शेपटीच्या साहाय्यानं पाण्यात पोहतात, म्हणून त्यांना पानावर किंवा मुळाशी पाण्याचा थर काही तास टिकलेला हवा असतो. उघड्या मातीवर पडलेला टपोरा थेंब चिखलाचे शिंतोडे फूटभर उंच उडवतो. शिंतोड्यातला बीजाणू कोवळ्या शेंड्यावर पडला आणि आभाळ भरलेलंच राहिलं, की काम झालं. आपल्याकडचं जून ते सप्टेंबरचं उबदार, दमट हवामान त्याला अगदी मानवतं. संत्रा-मोसंबीचा डिंक्या आणि सुपारीचा कोळेरोग ज्यांनी पाहिलाय त्यांना हे घराणं ओळखीचं आहे, ते दोन्ही फायटोफ्थोरामुळेच होतात.

चौथी एक शक्यता कमी दिसते, पण तिचा उपाय वेगळा म्हणून सांगतो. खोड जमिनीलगत तपकिरी होऊन आवळल्यासारखं झालं असेल, त्यावर पांढरी कापसासारखी वाढ आणि मोहरीएवढे पांढरे ते तांबूस दाणे दिसत असतील, तर ती स्क्लेरोशियम बुरशी आहे. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. झाड बुंध्याभोवतीच्या ओंजळभर मातीसकट पिशवीत उचलून घ्यावं, एक दाणाही खाली सांडू न देता.

आज झाड मान टाकून उभं आहे, तर

पाणी बंद. कुंडी असेल तर पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात सरकवा: वळचणीखाली, गॅलरीत, जिथे वारा आहे तिथे. खालची ताटली काढून टाका आणि कुंडी विटांच्या तीन तुकड्यांवर ठेवा.

शेंडामर एक-दोन फांद्यांपुरती असेल तर झाड वाचू शकतं. पाऊस उघडलेला असताना, पानं कोरडी झाल्यावरच कापणी करा. सिकेटरचं पातं स्पिरिटनं पुसून घ्या, काळ्या भागाच्या खाली ५ ते ७ सेंमीवर कापा आणि कापलेलं टोक पाहा. आत पांढरट हिरवं असेल तर ठीक. तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर आणखी खाली, पुन्हा पातं पुसून. तपकिरीपणा खोडाच्या बुडापर्यंत गेला असेल तर त्या झाडावर वेळ घालवू नये. पांढरा चीक हाताला लागतो, नंतर साबणानं हात धुवावेत.

मूळकुजीत अर्ध्याहून जास्त मुळं पांढरी असतील तरच प्रयत्न करावा. कुजलेली मुळं कापा, जुनी माती सगळी झटका, वरचा झाडोरा एक तृतीयांश कमी करा आणि कोरडसर, निचऱ्याच्या नव्या मातीत एक माप लहान कुंडीत लावा. मोठी कुंडी देऊ नये. थोड्या मुळांभोवती जास्त माती म्हणजे जास्त दिवस ओल.

काढलेली झाडं, फांद्या, गळलेली पानं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. घरगुती कंपोस्ट इतकं तापत नाही की हे जीव मरतील. पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात द्या किंवा उन्हाळ्यापर्यंत वाळवून जाळा. जनावरांपुढे तर मुळीच टाकू नये, सदाफुली विषारी आहे.

कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही

दुकानात ‘झाड मरतंय, बुरशीचं औषध द्या’ म्हटलं की बहुतेकदा कार्बेन्डाझिम हातात येतं. फायटोफ्थोरा आणि पिथियमवर ते निरुपयोगी आहे. हा मुद्दा ठामपणे सांगायला हवा, कारण याच्यामुळे पैसे आणि मोलाचे आठ दिवस दोन्ही जातात. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशींवर काम करतं, या पोहणाऱ्या जीवांवर नाही.

उपयोगी पडतात ती ही:

मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्रण, लिटरला २ ते २.५ ग्रॅम. मेटालॅक्झिल झाडात शिरून वर चढतं, मॅन्कोझेब पानावर बाहेरून राहतं. फवारणी आणि आळवणी (बुंध्याशी मातीत द्रावण ओतणं) दोन्ही करता येते. १० इंची कुंडीला आळवणी करताना अर्धा लिटर द्रावण पुरतं, पण माती आधीच चिंब असेल तर आळवणी नको, फक्त फवारणी. एका हंगामात दोनदापेक्षा जास्त वापरू नये. सतत तेच दिलं तर रोग त्याला सरावतो आणि मग पाकीट असून नसल्यासारखं.

फोसेटिल ॲल्युमिनियम, लिटरला २ ते २.५ ग्रॅम. वरच्यानंतर १२ ते १५ दिवसांनी आलटून द्यायला चांगलं, कारण ते झाडात वर आणि खाली दोन्हीकडे जातं. तांबंयुक्त औषधांबरोबर एकाच टाकीत मिसळू नका, पानं भाजतात.

कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला २.५ ग्रॅम, किंवा १ टक्का बोर्डो मिश्रण. ही दोन्ही राखणदार आहेत, रोग लागल्यावर बरी करत नाहीत. म्हणून त्यांची वेळ मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या मोठ्या पावसाआधी. कोकणात आणि गोव्यात सुपारीवर मोसमाआधी बोर्डो मारतात त्याचं कारण हेच. घरी लिटरभर बोर्डो करायचं तर १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा. चुन्याचं दुधाळ पाणी थंड झाल्यावर गाळून घ्या आणि मोरचुदाचं पाणी त्यात हळूहळू ढवळत ओता. घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून पाहा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी थोडं चुन्याचं पाणी घाला. त्याच दिवशी वापरा. पानांवर निळसर डाग राहतात, ते पावसानं जातील.

फवारताना पानांची खालची बाजू आणि खोडाचं बूड सुटू देऊ नका. हातमोजे आणि नाकातोंडावर फडकं हवंच. उघडीप मिळून औषध सुकायला निदान तीन-चार तास मिळतील अशी वेळ निवडा. मुसळधार पावसाच्या तोंडावर फवारलं तर ते गटारात जातं.

एक गंभीर सूचना. आपल्याकडे मधुमेहावर म्हणून सदाफुलीची पानं किंवा फुलं सकाळी अनाशापोटी चावून खाणारे पुष्कळ आहेत. फवारलेल्या झाडाचं पान कुणाच्या तोंडात जाणार नाही याची घरात सगळ्यांना कल्पना द्या, झाडाला लाल चिंधी बांधा. न फवारलेलं पानही निर्धोक नाही. विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही कर्करोगावरची अतिशय तीव्र औषधं याच झाडातून मिळतात, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून, मोजून दिली जातात.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशींवर वाढणारी उपयोगी बुरशी, चालतो का? प्रतिबंध म्हणून हो, उपचार म्हणून नाही. एक किलो कुजलेल्या शेणखतात १० ग्रॅम पावडर मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस मुरवा आणि लागवडीच्या वेळी मातीत मिसळा. तांबं किंवा मॅन्कोझेब दिल्यावर पंधरा दिवस थांबा, नाहीतर ट्रायकोडर्माच मरेल.

दरवर्षी तेच का होतं

औषधानं एखादा पावसाळा निघून जातो. रोग परत येतो त्याची कारणं मातीत, जागेत आणि पाण्याच्या सवयीत असतात.

पहिलं कारण, तीच जागा. फायटोफ्थोरा जाड भिंतीचे बीजाणू मातीत सोडतो, ते मूळ झाड नसतानाही वर्षानुवर्षं टिकतात. मेलेल्या सदाफुलीच्या खड्ड्यात नवी सदाफुली लावणं म्हणजे त्याला आयतं खाद्य देणं. टोमॅटो, वांगी, मिरची, लिंबू, पानवेल यांनाही हा जीव लागतो, त्यामुळे त्या जागी तीही नकोत. तिथे गवती चहासारखं गवताच्या कुळातलं काही लावावं.

दुसरं, नर्सरीतून आलेला गड्डा. बहुतेक रोपं काळ्या पिशवीत चिकट तांबड्या मातीत घट्ट भरलेली असतात, किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये. चिकट गड्डा भुसभुशीत मातीत तसाच लावला तर बाहेरची माती वाळते आणि आतला गोळा विटेसारखा कडक होतो किंवा आठवडाभर गच्च ओला राहतो. कोकोपीटचा गोळा काळ्या मातीत लावला तर पाणी त्यातच साठून बसतं. लावण्याआधी गड्डा दहा मिनिटं पाण्यात ठेवून बाहेरचा एक तृतीयांश भाग बोटांनी हलक्या हातानं सुटा करा. मधल्या सोटमुळाला धक्का लावू नका, सदाफुलीला ते अजिबात खपत नाही. आणि विकत घेतानाच ओळीतल्या रोपांत एखाद्याचा शेंडा लोंबलेला, खोडावर काळा डाग दिसला, तर त्या ओळीतलं एकही रोप घेऊ नका.

तिसरं, पागोळ्या आणि पाइप. छपराच्या कडेला लावलेली सदाफुली कितीही निचऱ्याच्या मातीत असली तरी जाते, कारण तिथे पाणीही धो-धो आणि शिंतोडेही. तसंच रोज संध्याकाळी झाडांवरून पाइपनं पाणी मारायची सवय. पानं रात्रभर ओली राहतात आणि उन्हाळ्यातही रोगाला पावसाळ्याची सोय होते.

चौथं कारण नत्र. सदाफुलीला थोडक्यात भागवायची सवय आहे. पावसाच्या तोंडावर युरिया किंवा भरपूर शेणखत घातलं की लुसलुशीत शेंडे फुटतात आणि तेच आधी बळी पडतात. जून ते सप्टेंबर काहीही खत नको. एरवी महिन्यातून दोनदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, तेवढं पुरे.

जागा नव्यानं करणं

जमिनीत लावायचं तर आधी निचरा मोजा. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून तासाभरात पातळी किती उतरते ते पाहा. तासाला एक इंच किंवा जास्त असेल तर जागा चालेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरच्या काळ्या मातीत हे प्रमाण बहुधा गाठलं जात नाही. अशा मातीत वाळूचं एखादं घमेलं मिसळून काही होत नाही, गादीवाफाच करावा लागतो.

गादीवाफा जमिनीपासून २० सेंमी उंच, मीटरभर रुंद. दोन मीटर लांबीचा वाफा भरायला २० लिटरच्या साधारण २० बादल्या माती लागते: ८ बादल्या तांबडी माती, ६ बादल्या जाड वाळू किंवा विटांचा २ ते ४ मिमीचा चुरा, ४ बादल्या पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, २ बादल्या भाताचं तूस. बांधकामाची बारीक रेती घेऊ नका, ती मातीत बसून सिमेंटसारखी घट्ट होते. वाफ्याचा माथा किंचित फुगीर ठेवा म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना ओघळेल. जांभ्या जमिनीवर निचरा मुळातच चांगला असतो, तिथे १० ते १५ सेंमी उंची पुरते.

कुंडीसाठी हेच प्रमाण. १० इंची मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी, कारण तिच्या भिंतीतूनही ओल उडते. तळाला बोटाएवढी तीन ते पाच भोकं हवीत. खाली खडीचा जाड थर देण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण तिचा फायदा नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वर अडून राहतं आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते. भोकावर खापराचा एक तुकडा उपडा, आणि वर थेट माती.

रोप पिशवीत होतं त्याच पातळीला लावा, उलट अर्धा सेंमी वरच. बुंध्याशी माती चढवू नका. दोन रोपांत ३० सेंमी अंतर, कोकणात ४०. लावताना हे विरळ दिसतं आणि वाफा भरायला दोन महिने लागतात, पण त्या मोकळ्या जागेतून वारा खेळला तरच पानं सुकतात. माती उघडी ठेवू नका. बारीक खडी किंवा विटेचा चुरा दोन सेंमी पसरला की शिंतोडे उडत नाहीत. पालापाचोळ्याचं आच्छादन उन्हाळ्यात उत्तम, पावसाळ्यात मात्र बुंध्यापासून चार बोटं दूर सारा.

ऊन रोज सहा तास तरी हवं. त्याहून कमी असेल तर झाड लांबुळकं होतं, पानं उशिरा सुकतात आणि वरचे सगळे उपाय लंगडे पडतात.

जुनी रोगट जागाच वापरायची असेल तर एप्रिल-मेमध्ये ती तापवून घ्या. माती खणून, ढेकळं फोडून, चांगली भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा, कडा मातीत पुरा, सहा आठवडे हलवू नका. काळं प्लास्टिक इतकं तापत नाही. वरच्या १५ ते २० सेंमीतला रोग यानं खूप कमी होतो, संपत नाही. जुन्या कुंड्या घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून, उन्हात वाळवून वापरा. त्यातली जुनी माती सदाफुलीला नको.

पाणी आणि वेळ

‘कमी पाण्यावर जगते’ हे मूळ धरलेल्या झाडाबद्दल खरं आहे. नव्या रोपाला पहिले तीन-चार आठवडे नियमित ओल लागते: जमिनीत एक दिवसाआड, बुंध्याशी, सकाळी. त्यानंतर जमिनीतल्या झाडाला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी भरपूर, हिवाळ्यात आठवड्यानं. कुंडीला वेळापत्रक लावू नका, उचलून वजन पाहा. हलकी लागली तरच पाणी, आणि मग खालून वाहेपर्यंत. पावसाळ्यात सलग चार-पाच दिवस उघडीप मिळाल्याशिवाय पाणी नाहीच.

लागवड केव्हा करायची यावर अर्धं यश आहे. देशावर, म्हणजे पुणे, नगर, सांगली, संभाजीनगर भागात, परतीचा पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर लावा, किंवा थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत. जूनच्या पहिल्या पावसात सगळीच झाडं लावायची आपली जुनी रीत सदाफुलीला मानवत नाही. तोपर्यंत फेब्रुवारीच्या रोपाचं खोड लाकडासारखं झालेलं असतं आणि लाकडी खोड कोवळ्यापेक्षा कितीतरी चिवट. मेच्या शेवटी आतल्या दाट फांद्या विरळ करून तांब्याची फवारणी केली, की देशावरच्या पावसात चांगल्या वाफ्यातली बहुतेक झाडं टिकतात.

कोकण, मुंबई आणि गोव्यात चित्र वेगळं आहे. वर्षाला दोन हजार मिमीच्या वर पाऊस आणि आठवडा-आठवडा झड लागलेली असताना उघड्या वाफ्यातली संकरित सदाफुली जगवण्याचा हट्ट करू नये. तिथे ती कुंडीत ठेवा आणि जूनमध्ये पारदर्शक पत्र्याखाली किंवा वळचणीच्या आत, उजेडात हलवा. हिरवी जाळी उपयोगाची नाही. ती पाऊस अडवत नाही, ऊन मात्र अडवते.

रोपं विकत घेताना पर्याय असेल तर कोरा मालिकेतल्या जाती पाहा. शेंडामरीला प्रतिकार करावा म्हणूनच त्या पैदास केल्या आहेत. प्रतिकार पानांवरच्या रोगापुरता आहे. तुंबलेल्या कुंडीत मुळं कुजून त्याही जातात.

आणि दरवर्षी मेच्या मध्याला विम्यासारखी काही छाट कलमं करून ठेवावीत. फुलं नसलेले निरोगी शेंडे ८ ते १० सेंमी, पेराच्या खाली कापून, खालची पानं आणि कळ्या काढून, चीक धुऊन, ओलसर वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेतलेल्या पेल्यात लावा. सावलीत, छपराखाली तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. ही रोपं पावसाळाभर छपराखाली, उजेडाच्या जागी राहतात आणि ऑक्टोबरात वाफ्यात जातात. संकरित झाडाचं बी धरून उपयोग नसतो, त्यातून रंग आणि उंची दोन्ही बदलून येतात. विकतचं बी पेरायचं असेल तर ते मातीनं पूर्ण झाका, सदाफुलीच्या बियांना उगवायला अंधार लागतो.

शेंडामर नसलेल्या दोन गोष्टी

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, पण झाड ताठ: ही लोहाची कमतरता. चुनखडीची माती किंवा बोअरचं जड पाणी असेल तिथे हमखास. लोह मातीत असतं, पण मुळांना उचलता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून चुनखडीच्या मातीत फार काळ फरक पडत नाही. इडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, १० इंची कुंडीला १ ग्रॅम लिटरभर पाण्यातून, संध्याकाळी द्या. पंधरवड्यात नवी पानं हिरवी येतात, जुनी पिवळीच राहतील. खालची जुनी पानं पिवळी असतील तर मात्र लोहाचा संबंध नाही, आधी मुळं आणि ओल तपासा.

दुसरी, पानं बारीक बारीक होऊन शेंड्याला झुपका येणं आणि फुलं रंगाऐवजी हिरवी, पानासारखी उमलणं. हा फायटोप्लाझ्मा, म्हणजे जीवाणूसारख्या अतिसूक्ष्म जीवाचा रोग आहे, तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. यावर घरगुती उपाय नाही आणि वरचं एकही औषध चालत नाही. फांदी छाटूनही भागत नाही, कारण रोग झाडाच्या रसवाहिन्यांत पसरलेला असतो. झाड मुळासकट काढा, त्याची कलमं घेऊ नका, आणि उरलेल्या झाडांवर तुडतुड्यांसाठी निंबोळी तेल लिटरला ५ मिली, चिमूटभर साबण घालून, दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा संध्याकाळी फवारा. जवळपास कुंपणावर अमरवेल चढली असेल तर तीही उतरवा, हा रोग तिच्यातूनही एका झाडातून दुसऱ्यात जातो.